लोटेच्या नोकरीबद्दल, आणि बाकीचं

लोनीगो, इटली
14 डिसेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी इथे मजेत आहे. थंडी आहे, पण खोलीत हीटर आहे आणि आईने दिलेला स्वेटर रोज अंगात असतो. आई, फोटोत मी बारीक दिसले ती केस कापले म्हणून. जेवण वेळेवर होतं. कुळथाचं पीठ अजून अर्धा डबा शिल्लक आहे.

इथली एक गोष्ट मात्र मला बरेच महिने कळत नव्हती. हॉटेलात बसलं की पाणी आपणहून येत नाही. बुडबुड्यांचं हवं की साधं, असं विचारतात. दोन्ही बाटलीतलं, दोन्हीचे पैसे. नळाचं हवं तर ‘सिंदाकोचं पाणी’ मागायचं. सिंदाको म्हणजे नगराध्यक्ष. आपल्याकडे ‘सरपंचाचं पाणी द्या’ म्हटल्यासारखं झालं! आमची घरमालकीण आजी तर भाज्यासुद्धा बाटलीच्या पाण्यात शिजवते. दर शनिवारी सहा-सहा बाटल्यांचे गठ्ठे जिन्याने वर न्यायचे, मी हात लावते. नळाच्या पाण्याला आता गाळण्या बसवल्यात, ते तपासून येतं, तरी ती तोंडात घेत नाही. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. मग एकदा तिच्या मुलीने कपाटातून एक पांढरा टीशर्ट काढून माझ्यापुढे धरला. छातीवर तिच्या मुलाचं नाव, आणि खाली त्याच्या रक्तात सापडलेल्या रसायनाचा आकडा. इथल्या आया असे टीशर्ट घालून मोर्चाला जायच्या.

बाबा, तुम्ही विचारलंत ना, लोटेच्या एमआयडीसीत इटलीची मशिनरी आली आहे, बंड्याला तिथून बोलावणं आलंय, तू तिकडेच आहेस तर चौकशी कर. ती मशिनरी इथलीच. त्रिस्सिनो नावाचं गाव जवळच आहे, तिथे मितेनी नावाचा कारखाना होता. पीएफएएस गटातली रसायनं बनवायचा, न चिकटणाऱ्या तव्यांना आणि पाणी न धरणाऱ्या कापडाला वापरतात ती. 2013 मध्ये ती इथल्या भूजलात सापडली. साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न झाला. 2018 मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला, पुढच्या वर्षी मशिनरी एका भारतीय कंपनीने विकत घेतली, आणि ती आपल्या खेड तालुक्यात आली. यंदा जूनमध्ये विचेन्झाच्या कोर्टाने या कारखान्याशी संबंधित 11 अधिकाऱ्यांना मिळून 141 वर्षांची शिक्षा सुनावली.

एकट्या कायद्यामुळे कारखाने हलत नाहीत, हे मला कळतं. तयार मशिनरी मिळाली, आपल्याकडे केमिस्ट कमी पगारात मिळतात. पण युरोपात येत्या जानेवारीपासून पिण्याच्या लिटरभर पाण्यात अशी वीस रसायनं मिळून 0.1 मायक्रोग्रॅमच्या वर चालणार नाहीत. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात यांच्यासाठी आकडाच नाही. मग मोजणार काय आणि पकडणार कशाने? म्हणून ‘इटलीचं आहे म्हणजे चांगलंच असणार’ असं धरून चालू नका. लोटेच्या कंपनीने काही वाईट केलंय असं मी म्हणत नाही, तसं मला ठाऊकही नाही. पण दाभोळच्या खाडीत मासे मरून वर आले की निदान भोई मंडळींना दिसतं तरी. या रसायनांना रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळून ती जात नाहीत.

बंड्याला जाऊ नको असं मी कुठल्या तोंडाने सांगू? मी इथे गाळलेलं पाणी पिते आणि तुम्ही विहिरीचं. त्याला मुलाखतीत एवढंच विचारायला सांगा: सांडपाण्यात पीएफएएस मोजतात का, आणि कामगारांचं रक्त तपासतात का. उत्तर काय आलं ते मला लगेच कळवा.

आणि बाबा, ‘तू तिथे बसून घाबरवतेस’ म्हणू नका. मी रसायनशास्त्र शिकले ते तुमच्याच हट्टाने.

मंगळवारी 45 हजार पाठवले आहेत. 30 घराच्या हप्त्याला, 5 आत्याचे उसने, 10 विहिरीचं पाणी तपासायला. साधी तपासणी नको, पीएफएएसची करणारी लॅब मी शोधून देते. ते पैसे दुसरीकडे वळवू नका, आई, छपरालासुद्धा नको. छपराचे मी फेब्रुवारीत पाठवीन.

चिपळूणच्या स्थळाला मी मुद्दाम टाळलं नाही. मुलगा चांगला वाटला, दोनदा बोललो. पण त्याला मी नोकरी सोडून यायला हवी आहे, आणि हप्ते अजून दोन वर्षं आहेत. शिमग्यापर्यंत थांबायला सांगा. गणपतीत मी नव्हते म्हणून आई रडली, हे बंड्याने सांगितलं. पालखी घरी येईल तेव्हा मी असेन. तिकीट अजून काढलं नाही, पण रजेचा अर्ज दिला आहे.

तुमची,
छकुली