दीवचं देऊळ चालू आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला दीवच्या चर्चवरचा लेख वाचला. फोटो सुंदर आहेत, त्याबद्दल आभार. पण १९६१ नंतर संत पौलाच्या चर्चमध्ये प्रार्थना बंद झाली आणि तिथे आता संग्रहालय आहे, हे लेखकाने कुठून आणलं? रात्री झोप लागली नाही मला.

संग्रहालय झालं ते संत थॉमसचं, १५९८ मधलं. असिसीच्या संत फ्रान्सिसचं १५९३ चं, तिथे पुढे इस्पितळ आलं. संत पौलाचं देऊळ (आम्ही वसईकडची माणसं चर्चला देऊळच म्हणतो) जेझुइटांनी, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंनी, १६०१ मध्ये बांधायला घेतलं, १६१० ला पुरं केलं. १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांनाच हद्दपार केलं, तरी देऊळ राहिलं. १९६१ च्या १९ डिसेंबरला पोर्तुगीज गेले, तरीही राहिलं. तिथे आजही मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, होते.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९८८ साली आईला घेऊन गेले होते. तिचा नवस होता. रात्रभर बसने उना, तिथून घोघल्याचा पूल. ८ डिसेंबर, निष्कलंक गर्भसंभव मातेचा, म्हणजे मारियामातेचा सण, आणि देऊळही तिलाच वाहिलेलं. आईचे गुडघे धरलेले, पायऱ्या चढताना दोनदा थांबली. आत बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी सरकून तिला जागा दिली, आपली पेटती मेणबत्ती तिच्या हातात दिली. एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती. मिस्सा संपली तरी आई उठेना. कोरीव लाकडाच्या वेदीकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "आपल्या किल्ल्यातली देवळंही अशीच असतील ना गं, छप्पर होतं तेव्हा?"

वसईच्या किल्ल्यातल्या चर्चच्या उघड्या भिंतींत आम्ही लहानपणी खेळलो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, त्यानंतर ती चर्च ओस पडली. म्हणूनच दीवच्या चालत्या देवळाला संग्रहालय म्हटलेलं मला सोसत नाही. आई आज नाही, नाहीतर हे पत्र तिनेच लिहायला लावलं असतं.

आणखी एक. दीव बडोदे धर्मप्रांतात (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागात) येतं, असंही छापलंय. ते गोवा-दमण महाधर्मप्रांतात आहे. आमचा बडोद्याचा धर्मप्रांत १९६६ चा. इथल्या कुठल्याही फादरांना एक फोन केला असता तर कळलं असतं.

दुरुस्ती पुरवणीतच, त्याच पानावर छापावी, आतल्या कोपऱ्यात नको. आणि फतेगंजात महिन्यातून दोनदा तरी पुरवणीच येत नाही, हेही वितरकांना सांगा. हा लेखसुद्धा मी शेजारच्या काकूंकडून मागून आणून वाचला.

आपली,
एक जुनी वाचक,
फतेगंज, बडोदे