फिटची गोळी चारचौघांत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी दुपारी साताऱ्याच्या एसटी स्टँडवर कोरेगाव गाडीची वाट बघत उभी होते. शेजारी उभा असलेला कॉलेजातला एक मुलगा एकदम ताठ झाला आणि आडवा पडला. हातपाय झाडायला लागले, तोंडाला फेस आला. मिनिटभरात भोवती ही गर्दी. एकानं पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. वडापावच्या गाड्यावरून कोणीतरी कांदा फोडून आणला. एक गृहस्थ त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबत होते. एक बाई दातखीळ उघडायला चमचा शोधत होत्या, त्यांना मी सरळ हातानं मागं सारलं. पोराच्या डोक्याखाली माझी कापडाची पिशवी सरकवली, त्याला कुशीवर वळवलं आणि मनगटावरचं घड्याळ बघत बसले. दोन मिनिटांत फिट थांबली. ती बहुतेक वेळा आपली आपण थांबते. थांबायच्या वेळी ज्याच्या हातात चप्पल असेल, त्याला वाटतं आपणच थांबवली.

नीट भान यायला त्याला दहा-पंधरा मिनिटं लागली. पाणी हवं का विचारलं, तर म्हणाला, "मावशी, कुणी व्हिडिओ काढला का हो?" दोघांनी काढला होता. एकाला मी पुसायला लावला. दुसरा गाडीत बसून निघून गेला.

मला हे जमलं, कारण मी स्वतः नववीत असल्यापासून फिटची पेशंट आहे. आता पन्नाशी ओलांडली, घरी शिवणकाम करते.

माझं लग्न १९९७ सालचं. वडिलांनी सासरी काही सांगितलं नाही, आणि आज त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. वारंवार फेफरं येणं हे तेव्हा हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या शेजारी लिहिलेलं होतं. १९७६ च्या दुरुस्तीनं ते आत आलं होतं, त्यावर लग्न रद्द करून मागता येत असे. १९९९ मध्ये तो शब्द काढून टाकला. स्थळं बघणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

तर मी गोळ्या हुक-बटणांच्या डब्यात तळाशी ठेवायचे आणि सगळे झोपले की कोरडीच गिळायचे. त्या गोळीनं हिरड्या सुजायच्या, म्हणून हसताना तोंडावर पदर. पहिल्याच संक्रांतीला घरात पाहुण्यांची रीघ, डबा माळ्यावर गेला आणि तीन दिवस गोळी चुकली. वाणाचं तबक हातात असतानाच पडले. नणंदेनं मला एका बाबाकडे नेलं. त्यानं बाहेरचं आहे म्हणून मिरचीची धुरी दिली. दोन दिवस खोकत होते, डोळे उघडत नव्हते. आज भूत उतरवतो म्हणून अशी धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचलेले डॉ. दाभोलकर आपल्या साताऱ्याचेच.

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बटणं शोधताना गोळ्या सापडल्या. मला वाटलं, आता माहेरची वाट. त्या चौथी शिकलेल्या. पाकीट उलटंसुलटं करून म्हणाल्या, "रोजची हाय व्हय? मग चोरून का खातीस? देव्हाऱ्यापाशी ठेव, मी आठवण करीन." वारेपर्यंत केली. त्यांच्या आठवणीवर मी सतरा वर्षं पडले नाही.

मला सांगायचं आहे ते एवढंच. आपल्याकडे शुगरची गोळी माणूस लग्नाच्या पंगतीत ताटाशेजारी ठेवतो, वर शेजारच्याला विचारतो, तुमची किती पॉवरची? बीपीचंही तसंच. फिटची गोळी मात्र डब्याच्या तळाशी. लपवली की चुकते, चुकली की माणूस पडतो, पडला की लोक म्हणतात, याला औषध लागू पडत नाही. नियमित औषध मिळालं तर दहातल्या सात जणांच्या फिट थांबू शकतात. हा मेंदूतल्या विजेचा घोटाळा आहे. शिवल्यानं लागत नाही आणि कुणाच्या पापाचाही नाही. जपावं लागतं हे खरं. मी गाडी चालवत नाही, विहिरीच्या काठाला एकटी जात नाही. पण गेल्या लग्नसराईत ब्लाउज किती शिवले, ते आमच्या गल्लीला विचारा.

आपल्याकडे एक मागणं आहे. १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन, अपस्मार म्हणजे हाच फिटचा आजार. त्या दिवशी पहिल्या पानावर एक छोटी चौकट छापा: तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ ला फोन करा. ती कापून स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी चिकटवायचं काम माझं, खळ घरात आहे.

आपली,
एक वाचक, सातारा

ता. क. नाव-पत्ता सोबत जोडला आहे, पण छापू नये. लेकीला बघायला रविवारी वाईची मंडळी येणार आहेत. आईला फिट येते, मग पोरीला येईल का, या प्रश्नावर आधी दोन स्थळं परत गेली. बहुतेकांच्या मुलांना येत नाही, हे ऐकायलाही ती थांबली नाहीत. या वेळी चहाच्या आधीच सांगायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलंय. त्यांना ते पेपरातून नको, माझ्या तोंडून कळावं.