किडा फ्रीजमध्ये ठेवून काढलेली छायाचित्रे छापू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की आपल्या पुरवणीत वाचकांनी घरात, बाल्कनीत किंवा परसात टिपलेली कीटकांची छायाचित्रे येऊ लागतात आणि ती मी आवर्जून पाहतो. गेली आठ वर्षे मीही ट्रायपॉड न वापरता, कॅमेरा हातात धरून घरच्या घरी हेच करीत आलो आहे. अलीकडे मात्र काही छायाचित्रे पाहून मन खट्टू झाले. त्यांतल्या किड्यांचे पाय पोटाशी ओढलेले होते, मिशा गळून पडल्यासारख्या होत्या आणि अंगावर बारीक थेंबांचा थर होता. छायाचित्र दुपारी घरातल्या टेबलावर काढल्याचे खाली लिहिलेले असल्यामुळे ते थेंब दवाचे असणे शक्य नव्हते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर दमट हवेत जसे पाणी धरते, तसेच ते गारठवलेल्या किड्यावर धरते.

हा मार्ग लोक दुष्टपणाने धरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. अडचण खरोखरच मोठी आहे. किडा कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चकतीवर, त्याच्या मूळ आकाराएवढा उमटवायचा, म्हणजे १:१ प्रमाणात टिपायचा, तर अॅपर्चर, म्हणजे भिंगातले प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/८ इतके लहान ठेवूनही स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम मिलिमीटरभर असतो. डोळा नेमका आला तर मिशीचे टोक धूसर होते. उभ्या माणसाचे धड नुसत्या श्वासाने याहून अधिक पुढेमागे हलते. कॅमेऱ्यातली कंप रोखणारी यंत्रणा डावी-उजवीकडची हालचाल बऱ्यापैकी सावरते, पण पुढेमागे होणारी हालचाल ती सावरू शकत नाही. अधिक भाग स्पष्ट यावा म्हणून अॅपर्चर एफ/२२ पर्यंत आणखी लहान केले, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. त्यात १:१ वर सेन्सरपर्यंत पोचणारा प्रकाश जवळजवळ चौथाईवर येतो आणि शटरचा वेग वाढवावा, तर स्वस्त एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्याने चित्रावर काळे पट्टे उमटतात. एवढे सगळे जमवून आणेपर्यंत किडा उडून गेलेला असतो, कारण भिंग आणि तो यांच्यात वीतभरही अंतर उरलेले नसते.

अशा वेळी किड्यालाच स्थिर करण्याचा मोह होतो. मलाही तो झाला होता. कढीपत्त्याच्या कुंडीत लिंबू फुलपाखराचा कोष होता आणि एका सकाळी त्यातून फुलपाखरू बाहेर आले. ते सारखे चालत होते, फोकसमध्ये थांबत नव्हते. 'पाच-दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा, काही होत नाही' असे एका कार्यशाळेत मार्गदर्शकांनी सांगितलेले आठवले आणि मी ते एका डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवले. कोषातून नुकत्याच निघालेल्या फुलपाखराचे पंख ओले आणि चुरगळलेले असतात. अंगातला द्रव त्यांच्या शिरांत भरून ते उलगडायचे आणि मग वाळून ताठ व्हायचे, हे सारे त्याच तास-दोन तासांत व्हावे लागते. मी नेमका तोच वेळ त्याच्याकडून काढून घेतला. त्याचा उजवा पंख शेवटपर्यंत घडी पडल्यासारखाच राहिला. दोन दिवस ते बाल्कनीच्या कठड्यावर चालत राहिले, तिसऱ्या दिवशी मरून पडलेले दिसले. छायाचित्र अगदी सुस्पष्ट आले होते. ते मी आजवर कोणाला दाखवलेले नाही.

त्यानंतर मी जे शिकलो, ते नव्याने या छंदाकडे वळणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. फ्लॅश कमी ताकदीवर, म्हणजे पूर्ण ताकदीच्या एक सोळांश किंवा त्याहून कमी ठेवला, तर त्याचा प्रकाश सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो आणि हाताची थरथर चित्रात फारशी उमटतच नाही. भुंगेऱ्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडू नये म्हणून फ्लॅशपुढे बटर पेपरची मोठी झडप लावावी. ऑटोफोकस बंद ठेवावा, कोपर भिंतीला किंवा खिडकीच्या चौकटीला टेकवावे आणि श्वास सोडत सोडत शरीरच किंचित पुढे झुकवून, डोळा स्पष्ट होईल त्या क्षणी बटण दाबावे. वीस छायाचित्रांत एक साधले तरी ते पुष्कळ आहे.

सर्वांत मोठा आधार किड्याच्या सवयीचा असतो. गेल्या वर्षी आमच्या खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशीने मातीचे मडके घडवायला घेतले. दर काही मिनिटांनी ती चिखलाची गोळी घेऊन त्याच जागी येई आणि मडक्याच्या कडेवरून गोल फिरत, जबड्याने तो चिखल पातळ पट्टीसारखा लिंपत जाई. पुढे तिने त्यात बधिर केलेल्या हिरव्या अळ्या आणून भरल्या आणि तोंड लिंपून टाकले. ती कुठे उतरणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे फोकस तिथेच लावून, कोपर टेकवून मी वाट पाहत बसलो. तिला एकदाही हात लावावा लागला नाही. थंडीच्या दिवसांत सूर्योदयापूर्वी फांदीवर निजलेले चतुर आणि फुलपाखरेही अशीच आपोआप स्थिर असतात. ऊन अंगावर येईपर्यंत त्यांच्याने उडवत नाही.

आपणांस नम्र विनंती आहे, की वाचकांकडून छायाचित्र मागवताना तारीख, वेळ आणि ठिकाण यांबरोबरच किडा मोकळा होता की पकडलेला, त्याला गारठवले, चिकटवले किंवा मारले होते काय, हेही स्पष्टपणे विचारावे आणि जिथे उत्तर समाधानकारक नसेल, तिथे ते छायाचित्र कितीही सुबक असले तरी छापू नये. त्याच्या जागी एखाद्या शाळकरी मुलाने मोबाइलवर टिपलेली, मिशीचे टोक थोडे धूसर असलेली, पण आपल्या कामात गढलेली मुंगी छापावी.

आपला,
एक वाचक, डोंबिवली