खालच्या मजल्यावरच्या आजींना, एका काड्यापेटीबद्दल

आदरणीय आजी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहीत आहे, कारण जर्मन भाषेत मला येणारे आभार दुकानात सुटे पैसे परत घेताना म्हणण्याइतकेच आहेत आणि तुमच्यासाठी ते फार तोकडे पडतात. माझा मुलगा तुम्हाला याचा अर्थ सांगेलच. त्याला जे सांगता येणार नाही, ते निदान मराठी वाचणाऱ्यांना तरी कळू दे.

ईस्टर होऊन चार दिवस झाले. फोर्सिथिया नावाच्या झुडपाची पिवळी फुले आता टेबलावर गळू लागली आहेत, पण फांद्यांना टांगलेली अकराही अंडी अजून शाबूत आहेत आणि शेजारच्या खिळ्याला ३० मार्चच्या पाडव्याची साखरेची गाठी तशीच लटकते आहे. लाइपझिगच्या या घरात आम्ही आल्यापासून ही खिडकी इतकी भरलेली मी पाहिली नव्हती.

मुंबईत वाढलेल्या मला ईस्टर माहीत होता तो वांद्र्याच्या बेकरीतल्या मार्झिपॅनच्या अंड्यापुरता. इथे मात्र रस्त्यावरच्या दर दुसऱ्या खिडकीत रंगीत अंडी टांगलेल्या फांद्या दिसू लागल्या आणि पाच वर्षांच्या मुलाने आपल्याही खिडकीत त्या हव्यात असा हट्ट धरला. शहरातल्या एका दुकानात त्यासाठी हस्तकलेचा वर्ग होता, दोघांचे मिळून ४८ युरो. घरच्या घरी स्वस्तात काही करता येईल का, असे मी तिथल्या बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी प्लास्टिकच्या अंड्यांच्या पाकिटाकडे बोट दाखवले आणि ‘तुमच्यात असतो का हा सण?’ असे मुलाच्या देखत विचारले. आमच्या मराठी मंडळींच्या गटात विचारले, तर दोन हसरे चेहरे आले, एकीने ‘ऑनलाइन मागव’ म्हणून सांगितले आणि एका काकांनी आपला पाडवा नुकताच झाल्याची आठवण करून दिली. पाडवा झाल्याचे मला माहीत होते. गुढी मीच उभारली होती.

मग मी दहा-दहा अंड्यांचे दोन खोके आणले आणि दोन्ही टोकांना भोके पाडून फुंकायला बसले. नऊ अंडी फुटली. आतला बलक आधी सुईने फोडायचा असतो, एवढीही अक्कल मला नव्हती. मुलगा इतक्या मोठ्याने रडला, की तो आवाज खाली तुमच्यापर्यंत आला.

तुम्ही दार वाजवलेत तेव्हा तुमच्या हातात पिठाची रिकामी कागदी पिशवी होती, आणि तिच्यात नवीन वर्षापासून साठवलेली कांद्याची साले. आयुष्यभर भजीपासून भरीतापर्यंत सगळ्याला कांदा चिरणाऱ्या आम्ही, साले नेमाने कचऱ्यात टाकत आलो! साले पाण्यात उकळली की त्यांचा रंग अंड्यांवर चढतो, कवचावरचा छापील क्रमांक व्हिनेगरने पुसता येतो, पार्स्लीचे पान अंड्यावर ठेवून जुन्या पायमोज्यात घट्ट बांधले की रंगात पानाची पांढरी नक्षी उमटते, असे एकेक तुम्ही दाखवत गेलात. मी हळद पुढे केली तेव्हा तुम्ही तिचा वास घेऊन चार पांढरी अंडी तिच्यासाठी बाजूला काढलीत. साल्फेल्ड गावातल्या त्या सफरचंदाच्या झाडाची गोष्टही तुम्ही त्याच संध्याकाळी सांगितलीत: १९६५ साली त्यावर अठरा अंडी टांगली गेली आणि वाढत वाढत ती दहा हजारांच्या घरात गेली. ‘सुरुवात अठराने झाली, तुझ्याकडे अकरा आहेत,’ असे तुम्ही मुलाला म्हणालात आणि तो पहिल्यांदा हसला.

पण आजी, हे पत्र खरे तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळबद्दल आहे. आमच्या दाराच्या कडीला एक लहान पिशवी अडकवलेली होती आणि तिच्यात काड्यापेटी. आत गुल कापून टाकलेल्या अर्ध्या अर्ध्या काड्या होत्या, प्रत्येकीच्या बरोबर मध्यावर पांढरा दोरा बांधलेला. काडी उभी भोकात सोडायची, की ती आत आडवी होते आणि अंडे दोऱ्यावर तोलून राहते. मी त्या काड्या मोजल्या. अकरा होत्या. आदल्या संध्याकाळी व्हिनेगरच्या बाटलीचे झाकण तुम्हाला उघडत नव्हते आणि ते तुम्ही माझ्याकडे दिले होतेत, तेव्हा तुमच्या बोटांची सुजलेली पेरे मी पाहिली होती. त्याच बोटांनी तुम्ही रात्री अकरा गाठी मारल्या होत्यात. त्या गाठींकडे पाहत मी बराच वेळ दारातच उभी राहिले आणि मुलाला शाळेत पोहोचवायला उशीर झाला.

मदत करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतली बरीच मदतीबरोबर थोडा उपदेश देतात, आणि काही जण आपले नाव घेतले जाईल एवढी सोय आधीच करून ठेवतात. तुम्ही दोन्ही केले नाहीत. नऊ अंडी फुटली यावर तुम्ही एक अक्षर काढले नाहीत. त्या बलकाची भुर्जी मात्र आमच्याबरोबर बसून मिरचीसकट खाल्लीत आणि डोळ्यांत पाणी आले तरी आणखी मागून घेतलीत. परक्या गावात इतक्या साधेपणाने कोणी वागले, की माणसाचा तिथल्या जिन्यावरचा पायरव बदलतो, हे मला आता कळले.

एकूण खर्च सात युरोंच्या आत राहिला. तुमची काड्यापेटी मात्र अजून आमच्याकडेच आहे. शनिवारी चार वाजता आम्ही दोघे ती घेऊन येतो, बरोबर सांगलीच्या हळदीचा एक डबा असेल आणि सध्या जमवायला घेतलेल्या कांद्याच्या सालांची पहिली मूठ. ती तुमच्या पिशवीत टाकायची, असे मुलाने ठरवले आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची शेजारीण