विहारातल्या ताईंना, त्या एका सकाळसाठी

ताई, जय भीम.

तुमच्याकडे येईपर्यंत हा शब्द मी कधी तोंडातून काढला नव्हता, हे आज कबूल करते. नागपुरात जन्म गेला, दीक्षाभूमीवरून हजार वेळा गेले असेन; पण तुमच्या वस्तीतल्या विहाराची पायरी चढले ती पन्नाशी जवळ आल्यावर.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता दीड महिना विहारातला सकाळचा योगवर्ग नाही, असं कळलं त्या रात्री मला झोप लागेना. मग वाटलं, या बाईला आपण नीट धन्यवादसुद्धा म्हटलेले नाहीत. समोर म्हटलं असतं तर तुम्ही "असू द्या हो" म्हणून सतरंजी झटकायला लागल्या असत्या. म्हणून हे पत्र, चारचौघांत.

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. सकाळी डबा घेऊन निघाले ते दुपारी अँब्युलन्समधून आले. त्यानंतर रोज पहाटे तीनला छाती आवळून जाग यायची. डॉक्टरांनी ईसीजी पाहिला, "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. एका मोठ्या योगवर्गात तीन महिन्यांची फी आगाऊ भरली. शवासनात मला रडू फुटलं, तर तिथली शिक्षिका सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मॅडम, निगेटिव्हिटी चपलांसोबत बाहेर ठेवून यायची." मी परत गेले नाही. नात्यातल्या एकांनी तेराव्यालाच किसा गोतमीची गोष्ट ऐकवली: बाळ गेलेल्या त्या आईला बुद्ध म्हणाले, ज्या घरात कुणी मेलेलं नाही तिथून मोहरी आण. म्हणजे काय, तर तुझं दुःख काही वेगळं नाही, आवर आता. दुसऱ्या कुणी इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन ये म्हणून सांगितलं. जायचं मनात होतं हो, पण अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला मागे कोण होतं?

तुमच्याकडे आले तो चौथा की पाचवा दिवस. बाहेर अंधारच होता. शवासन सुरू झालं आणि तीच छाती, तेच आवळणं. श्वास वरच्या वर अडकायला लागला. मला वाटलं, आता इथूनही जावं लागणार.

तुम्ही उठून आलात. काही बोलला नाहीत, डोक्यावरून हात फिरवला नाहीत, पाणी आणा म्हणून कुणाला धावायला लावलं नाहीत. आधी पंखा बंद केलात. मग माझ्या शेजारी, खाली फरशीवर, तो दुखरा गुडघा लांब करून बसलात आणि मला ऐकू येईल असा श्वास घ्यायला लागलात. प्रत्येक श्वास सोडताना माझ्या कानाजवळ सतरंजीवर एक बोट टेकवायचात. टक्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्. सतरंजीची ती निळी पट्टी, तिच्यावर तुमचं हळदीने पिवळं झालेलं नख, अजून डोळ्यांसमोर आहे. किती वेळाने माझा श्वास तुमच्या बोटाला जुळला, मला कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा वर्ग सुटला होता. कुणीतरी झाडू घेऊन दारात उभं होतं आणि तुम्ही हातानेच त्याला थांबवून धरलं होतं.

मी "सॉरी" म्हटलं. तुम्ही म्हणालात, "कायचं सॉरी? होऊ द्या. घाई नाही आहे."

ताई, सहा महिन्यांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं.

पुढे तुम्ही खूप शिकवलंत. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलेलं, त्यामुळे श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं, हे तुम्ही नाडीवर माझीच बोटं ठेवून दाखवलंत. आपण वेदना म्हणजे दुखणं समजतो, पण पालीत वेदना सुखाचीही असते, दुःखाची असते आणि दोन्ही नसलेलीही असते. ती आली की नुसती ओळखायची, हे तुम्ही मांडी दुखत असताना सांगितलंत म्हणून समजलं. दोन बाणांचं तर मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. पहिला बाण लागतोच, त्यावर तळमळून दुसरा आपण मारून घेतो, असं बुद्धांनी सांगितलंय. माझा दुसरा बाण होता, "त्या दिवशी मी त्यांना जाऊ द्यायलाच नको होतं." तो किती वेळा मारून घेतला असेल, देवच जाणे.

आणि मी विचारलं होतं, योगसूत्रं आणि बुद्धांचं एकत्र कसं चालतं तुम्हाला? तुम्ही मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे पतंजलींचे चार शब्द वहीत लिहिलेत आणि समोर मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा. "हे घ्या, कुठे भांडण आहे?" त्या वहीचं पान मी फाडून देव्हाऱ्यात ठेवलंय.

किसा गोतमी मात्र तुम्ही वर्षभर काढली नाहीत. मीच विचारलं तेव्हा म्हणालात, बुद्धांनी तिला उपदेश आधी केला नाही, आधी दारोदार जाऊ दिलं, तिचं तिला कळू दिलं. तीच गोष्ट, पण आता मी ती ऐकू शकत होते. गोष्ट माहीत असणारे गावभर आहेत. समोरचा माणूस ती ऐकायच्या अवस्थेत आहे का, हे बघणारे फार थोडे. २१ जूनला मैदानावर चटया अंथरून फोटो काढणाऱ्यांचा मला राग नाही, चांगलंच आहे ते. पण शेजारी फरशीवर येऊन बसणारं माणूस मला एकच भेटलं, आणि ते विहाराच्या दिवा-पाण्यापलीकडे कुणाकडून एक रुपया घेत नाही.

पहाटे तीनला अजून कधीतरी जाग येते. मी उशीवर बोट टेकवते. परवा सासूबाईंना धाप लागली, तर त्यांच्या उशीवर टेकवलं. त्या माझ्या बोटाकडे बघत राहिल्या आणि हळूहळू निवल्या.

वर्ग बंद ठेवू नका ताई. किल्ली माझ्याकडे द्या, सतरंज्या मी घालीन. तुम्ही खुर्चीत बसून नुसतं सांगा. सोमवारी डबा घेऊन येते, तेव्हा ठरवू. वरणात हिंग कमी घालू ना?

तुमची,
खिडकीजवळच्या रांगेतली