बापटकडची रात्र

डॅलस, १८ नोव्हेंबर २०१७

प्रिय मिलिंद,

आधीच्या मैत्रिणीला मारहाण केल्याच्या आरोपावरून अमेरिकन फुटबॉलच्या लीगने (एनएफएलने) आपल्या डॅलस काउबॉइजच्या झीकवर, म्हणजे एझिकिएल एलियटवर, सहा सामन्यांची बंदी घातली होती. बुधवारी त्याने अपील मागे घेतलं. म्हणजे आता सहाच्या सहा सामने तो बाहेर. फोन केला तर तू भांडायला लागशील आणि माझा मुद्दा राहून जाईल, म्हणून लिहितोय. तब्येत ठीक. पाठ अधूनमधून धरते, एवढंच.

अटलांटाचा सामना बापटकडे पाहिला. २७-७ने हरलो. आपला बॉल फेकणारा डॅक, त्याला फेकण्याआधीच आठ वेळा आडवा केला, त्यातले सहा सॅक एकट्या अटलांटाच्या क्लेबॉर्नचे. डॅकला डावीकडून राखणारा टायरन स्मिथ दुखापतीमुळे नव्हता, डावी बाजू उघडी पडली होती, हे तुझ्यामाझ्यासारख्याला सांगायला नको. पण तिथे सगळं खापर कुणावर? झीकवर आरोप करणाऱ्या त्या मुलीवर! मग बापटने फोन काढला. चष्म्याशिवाय ज्याला स्कोअर दिसत नाही तो बापट, दोन बोटांनी तिच्या दंडाचा फोटो मोठा करत होता. ‘हा डाग बघ, पिवळट आहे, म्हणजे जुना.’ फोन हातोहात फिरला. झेल धरला की सुटला हे रिप्लेमध्ये बघावं, तसे सगळे बघत होते. वसुधावहिनी ताटल्या उचलायला आल्या होत्या. त्यांनी फोटो पाहिला आणि आत निघून गेल्या, त्या सामना संपेपर्यंत बाहेर आल्याच नाहीत. त्यांच्या धाकट्या बहिणीचं तुला ठाऊक आहे. तिने तरी कुठे फोटो काढून ठेवले होते?

तू लगेच किया रॉबर्ट्सचं नाव काढशील. काढ. त्या मुलीची जबानी लीगतर्फे जिने घेतली, तिलाच लीगचा प्रमुख गुडेल याच्याबरोबरच्या बैठकीत बसवलं नाही, हे मलाही पटलेलं नाही. सुनावणीला ती मुलगी आली नाही, आणि निवाडा करायला लीगचाच जुना माणूस, हेंडरसन. हे जिथे घडलं त्या कोलंबसच्या सरकारी वकिलांनी माहिती परस्परविरोधी आहे म्हणून खटला भरला नाही. झीक पहिल्यापासून नाहीच म्हणतोय. मुलीने मैत्रिणीला पोलिसांशी खोटं बोलायला सांगितलं, हेही खरं, आणि ते गंभीर आहे. पण ते गेल्या वर्षीच्या २२ जुलैच्या रात्रीबद्दल होतं. लीगने शिक्षा दिली ती १७, १९ आणि २१ जुलैच्या घटनांसाठी. फोटो, मेसेज आणि डॉक्टरांची मतं यांच्या आधारावर. हा पुरावा अपुरा वाटला तर तसं म्हण, त्यावर वाद घालू. पण लीगचा कारभार गचाळ होता, म्हणून त्या घरात काही घडलंच नाही, असं कसं होईल? आपण सगळे एका वाक्यात इथून तिथे उडी मारतो.

आणि जॉश ब्राउनचं काय रे? गेल्या वर्षी बायकोला मारल्याबद्दल लीगने त्याला एकाच सामन्याची बंदी दिली, तेव्हा तू रात्री फोन करून ओरडत होतास, ‘खटला उभा राहिला नाही म्हणून काय झालं? हाकला त्याला!’ आता म्हणशील, त्याने स्वतःच्या हाताने लिहून कबूल केलं होतं. मिलिंद, ते कागद बाहेर आले ऑक्टोबरात. तू ओरडलास ऑगस्टात. तेव्हा तुझ्याकडे कसला पुरावा होता? तो आपल्या वैरी संघाचा, जायंट्सचा किकर होता, आणि झीक आपला, १६३१ यार्ड पळालेला. मला दुसरं कारण दिसत नाही, आणि हे मला फार लागलंय.

रे राइस या खेळाडूने होणाऱ्या बायकोला मारलं, त्या वेळी लिफ्टमधला व्हिडिओ आला आणि दोन सामन्यांची शिक्षा एका दिवसात बेमुदत झाली. तेव्हापासून प्रत्येकाला व्हिडिओ हवा असतो. बेडरूममध्ये कोण कॅमेरा लावून ठेवतं?

खरी काळजी आदित्यची आहे. परवा झीकची एकवीस नंबरची जर्सी घालून मला म्हणाला, ‘बाबा, ती पैशासाठी खोटं बोलतेय, सगळ्यांना माहितेय.’ कुणी सांगितलं? तर बापटकाकांनी. मी त्याला म्हटलं, लीगवर हवा तेवढा चीड, मीही चिडलोय. पण त्या खोलीत तू नव्हतास, बापटकाका नव्हते. तिला खोटारडी म्हणायचं नाही. तो ‘बरं’ म्हणून निघून गेला. उद्या त्याच्या वर्गातली एखादी मुलगी काही सांगायला आली, तर हा आधी काय विचारेल? स्मिता म्हणते मी फार ताणतोय. तसं असेलही, पण मला झोप लागत नाही.

नवीन नोकरी कशी आहे? काकूंचा गुडघा? दोन्हींचं सविस्तर कळव.

गुरुवारच्या चार्जर्सच्या सामन्याची चार तिकिटं काढली आहेत. बापटही येतोय. वसुधावहिनींनी नाही म्हणून सांगितलंय, तेव्हा त्यांचं तिकीट तुझं. बुधवारी रात्रीपर्यंत पोच, म्हणजे बापटशी काय बोलायचं ते आधी ठरवता येईल. मला त्याच्याशी भांडायचंय, आणि तू माझ्या बाजूने हवा आहेस.

तुझा,
सुहास