दगडाचे वय आणि कबरीचे वय

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कर्नाटकातल्या हिरेबेणकलच्या दगडी कबरींवरचा लेख वाचला. छायाचित्रे झकास आहेत, पण ‘पाच हजार वर्षांपूर्वीची थडगी’ हे शीर्षक खटकले. लेखात त्याला आधार एकच दिला आहे, तो म्हणजे दगड फार जुना आहे!

मी तीस वर्षे तलाठी होतो. जमीन किती जुनी हे सातबारा सांगत नाही, फेरफार कधी झाला तेवढे सांगतो. कबरीचेही तसेच आहे. तिथला ग्रॅनाइट कोट्यवधी वर्षांपूर्वीचा असणारच. त्याच्या फरश्या काढून तीन-चार उभ्या कधी केल्या आणि वर छताची शिळा कधी चढवली, हा हिशेब वेगळा. त्याचे उत्तर आतल्या मातीत सापडते. कोळसा, हाडे, खापरे, लोखंडाचा तुकडा, यातले काहीतरी हाती लागावे लागते. जिवंत झाड किंवा प्राणी कार्बन-१४ हा एक प्रकारचा कार्बन घेत राहतो. मेल्यावर अंगातला तो कार्बन घटू लागतो आणि साधारण ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. त्यावरून कोळशाचे किंवा हाडाचे वय निघते. त्यातही मेख आहे. जुन्या कबरीत पुढच्या पिढ्यांनी आपले मृत ठेवले असतील, तर एका हाडाचे वय म्हणजे कबर बांधल्याचे वय नव्हे. एकाच गटावर दहा फेरफार असतात, त्यातला कोणता धरायचा?

काही वर्षांपूर्वी हंपीच्या सहलीतून वाट वाकडी करून मी ती टेकडी चढलो. कातळ इतका तापला होता की चपलेतून चटके बसत होते. एका कोठीच्या फरशीला गोल भोक पाडलेले आहे. त्यातून खांद्यापर्यंत हात घातला, तर बोटांना शेळ्यांच्या लेंड्या लागल्या. बहुतेक कोठ्या अशाच रिकाम्या. वय ठरवायला तिथे जड जाते ते याचमुळे. खाली उतरताना भेटलेला गुराखी म्हणाला, ही मोऱ्यांची घरे. हे मोरे म्हणजे बुटकी माणसे, असे तिकडे मानतात. आमच्याकडे अशी घरे सापडली असती तर ती पांडवांच्या नावावर चढली असती, यात शंका नाही.

आता नळदुर्गकर म्हणून एक गोष्ट सांगतो. १८५३ मध्ये निजामाने नळदुर्ग इंग्रजांकडे सोपवले, तेव्हा इथला कारभार पाहायला आलेले इंग्रज अधिकारी मेडोज टेलर त्याआधी कर्नाटकातल्या सुरपूरला होते. तिकडच्या रानातल्या असल्या कबरी त्यांनी उघडून पाहिल्या होत्या. त्यांच्या ब्रिटनमध्येही अशाच शिळा असतात हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी दोन्हींचे नाते जोडले. आपल्या लेखकाने तेच नाते उलट बाजूने जोडले आहे: ही विद्या इथून युरोपात गेली म्हणे. फ्रान्सच्या ब्रिटनीमधली बार्नेनेझची कबर सहा हजार वर्षांहून जुनी आहे आणि ती बांधणाऱ्यांना लोखंड ठाऊक नव्हते. आपल्या दख्खनच्या महापाषाणीय, म्हणजे मोठाल्या शिळांच्या, कबरींत लोखंडी हत्यारे सर्रास निघतात. नागपूरजवळच्या माहुरझरीत घोडे पुरलेले सापडले, नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच निघाली. नातवाने आज्याला चालायला शिकवले, असे म्हणायचे का? चूल मांडायला तीन दगड लागतात हे कोणत्याही मुलखातल्या बाईला कळते, त्यासाठी कुणाच्या गावी शिकायला जावे लागत नाही.

तज्ज्ञही चुकतात, पण त्यांची चूक पकडता येते. १९४७ मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीला उत्खनन केले आणि तिथल्या कबरी इसवी सनपूर्व २०० ते इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा मध्य या काळात बसवल्या. ते गणित रोमन व्यापाराशी जोडलेल्या खापरांवर उभे होते. आपल्या तेरलाही तो व्यापार पोचलेला होता. पुढे कर्नाटकातल्याच हल्लूरच्या कोळशाची कार्बन तपासणी झाली आणि दक्षिणेतल्या लोखंडाचा काळ इसवी सनपूर्व १००० च्या आसपास गेला. म्हणजे व्हीलर आठशे वर्षांनी चुकले, पण कशामुळे चुकले ते त्यांच्याच लिखाणात सापडते. आपल्या लेखातले पाच हजार कुठून आले, ते मात्र शोधूनही सापडत नाही.

पुढच्या अंकात तेवढे ‘दोन ते तीन हजार वर्षे’ करून छापावे, ही विनंती. लेखातला, अशा कबरींना लोक पांडवांची घरे म्हणतात हा परिच्छेद मात्र काढू नका, लोक तसे म्हणतात हे खरेच आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त तलाठी
नळदुर्ग, ता. तुळजापूर